कोंबडीची पिल्ले घेताना

हिरवी, गुलाबी, जांभळी पिल्ले टोपलीत चिवचिवताना दिसली की मुलांचे पाय तेथून हलत नाहीत, हे कोणत्याही आईला सांगायला नको. पण त्या टोपलीपासून कोंबड्या पाळण्याची सुरुवात करू नये. अंड्यांसाठी कोंबड्या वाढवणाऱ्यांना नर नको असतात. उबवणी केंद्रात बाजूला काढलेली ती नर पिल्लेच बहुधा अशी रंगवून विकली जातात.

आणखी एक गोष्ट. अंड्यातून बाहेर येण्यापूर्वी पिल्लू उरलेला बलक पोटात ओढून घेते. त्या शिदोरीवर ते दोनएक दिवस अन्नपाण्यावाचून काढू शकते. म्हणून बाजारात ते तरतरीत दिसते. शिदोरी संपते ती आपल्या घरी आल्यावर!

माझ्या भाचीने यंदा कोंबड्या पाळायचे ठरवले. घराला परसू आहे, मुले हौशी आहेत. माझे बालपण कोकणात खुराड्याशेजारी गेलेले, म्हणून खरेदीला मला बरोबर नेले. मी तिला म्हटले, "भाव मागून विचार. आधी तीन प्रश्न विचार : वय किती, लसी कोणत्या दिल्या आणि यात कोंबडे किती?"

वय अशासाठी, की एक दिवसाच्या पिल्लाला पहिल्या आठवड्यात सुमारे 35 अंश सेल्सियस ऊब लागते. पुढे दर आठवड्याला ती थोडी थोडी कमी करायची. पिल्ले दिव्याखाली गोळा झाली तर त्यांना थंडी वाजते आहे; चोच उघडून लांब पळाली तर उकडते आहे. खाली नुसते वर्तमानपत्र घालू नये, पाय घसरून अधू होतात. भाताचे तूस घालावे. पाण्याचे भांडे उथळ हवे.

लस अशासाठी, की मानमोडी, म्हणजे राणीखेत रोग, एकदा शिरला की खुराडे रिकामे करतो. लासोटा लस पहिल्याच आठवड्यात डोळ्यात किंवा नाकात थेंब घालून देतात, गंबोरोची साधारण चौदाव्या दिवशी. पुढच्या लसींची चौकशी पशुवैद्यकीय दवाखान्यात करावी.

तिसरा प्रश्न सर्वांत अवघड. गिरिराज, वनराज यांची पिल्ले बहुधा नर-मादी न निवडताच मिळतात. दहा घेतली तर निम्मे कोंबडे निघायचे. पहाटे आरवू लागले की शेजारी तक्रार करणार. मग त्यांचे काय करायचे? भाचीच्या घरी मांसाहार चालतो. पण मुलांनी 'राजा' म्हणून हाक मारलेला कोंबडा ताटात वाढायचा कसा? धाकटा म्हणाला, "आत्याआजी, आपण त्याला विकूसुद्धा नाही द्यायचा!" भाची गप्पच झाली. हे ठरवायचे ते खरेदीपूर्वी. नंतर घरात रडारड होते.

शेवटी दोन-अडीच महिन्यांच्या चार तलंगा घेतल्या. किंमत जास्त पडली. पण त्यांना पुरी पिसे आलेली असतात, दिव्याची ऊब लागत नाही आणि एव्हाना तुऱ्यावरून कोंबडा बराचसा ओळखता येतो. घेताना डोळे चमकदार, नाक कोरडे आणि शेपटीखालची पिसे स्वच्छ आहेत ना, एवढे पाहिले. अंडी मात्र पाच-सहा महिन्यांच्या झाल्यावरच.

नव्याने पाळणाऱ्या घराला माझा सल्ला हाच : मांजर-मुंगूस शिरणार नाही असे खुराडे आधी बांधावे, सुट्टीत गावी गेल्यावर दाणापाणी कोण करील ते ठरवावे आणि मगच बाजारात जावे.