कुंपणाबाहेरचं ग्रंथालय

आमच्या ताईचं सासर वेल्ह्याकडे, तोरण्याच्या पायथ्याला. (तालुक्याला राजगड नाव द्यायचा निर्णय २०२४ मध्ये झाला, पण आम्हा भोरकरांच्या तोंडी अजून वेल्हंच.) तिची लेक पुण्यात एका कॉलेजात अर्थशास्त्रात एम.ए. करत होती. मार्च २०२० मध्ये सगळं बंद झालं आणि बाईसाहेब बोचकं घेऊन घरी आल्या. प्रकल्पाचा विषय होता भातशेती. म्हटलं, बरं झालं, विषय दारातच आहे!

चार दिवसांत फोन आला. "मामा, कॉलेजात फुकट उघडायचे तेच लेख इथे पैसे मागतायत."

मला आधी वाटलं, रेंजचा घोळ असेल. ती घरामागच्या टेकाडावर जाऊन फोन लावायची, तेव्हा कुठे दोन कांड्या यायच्या. पण घोळ वेगळाच होता. कॉलेजच्या आवारातून तुम्ही आलात की प्रकाशकाचा संगणक कॉलेजच्या इंटरनेटचा पत्ता ओळखतो आणि दार उघडतो. माणूस तो ओळखतच नाही. आवार सोडलं की तुम्ही कुणीही परके. एसटी बंद, कॉलेज बंद, आणि सह्याद्रीतल्या भातशेतीवरचा लेख भाताच्या खाचराशेजारी बसलेल्या मुलीला बंद!

खरी गंमत पुढेच आहे. यावर उपाय तेव्हाही होताच. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राची एन-लिस्ट योजना २०१० पासूनची, शासकीय आणि अनुदानित कॉलेजांसाठी. कॉलेजने वर्षाची थोडी फी भरायची आणि मुलांच्या नावांची यादी द्यायची. मग प्रत्येकाला स्वतःचा पासवर्ड मिळतो, तो पुण्यात चालतो तसाच वेल्ह्यातही चालतो. हजारो नियतकालिकं, त्यात 'इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली'सुद्धा. भाचीच्या कॉलेजने फी भरलेली होती. यादीत हिचं नाव तेवढं गेलं नव्हतं! ग्रंथपाल बाईंना फोन केला, त्यांनी बिचाऱ्यांनी घरून काम केलं. दुसऱ्या दिवशी पासवर्ड हजर. मधले दोन महिने मात्र वाया गेले.

मला दोष कुणाला द्यायचा नाहीये. पण प्रवेशाच्या दिवशी ओळखपत्र देतात, तेव्हाच हा पासवर्ड हातात द्यायला काय हरकत आहे? कागदाचं पुस्तक मी घरी आणलं तर कपाट तेवढं रिकामं होतं, म्हणून नियम लागतात. संगणकावरचा लेख मी भोरला वाचला म्हणून पुण्यातल्या कुणाचा कमी होत नाही. मग त्याला कुंपण कशाला?

आता जानेवारी २०२५ पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' सुरू झालंय. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, जवळजवळ १३,००० नियतकालिकं. उत्तमच! पण मंजुरीच्या वेळी ते केंद्र आणि राज्य सरकारच्या संस्थांसाठी होतं. आपल्या तालुक्यांतून शिकणारी बरीचशी मुलं खाजगी संस्थांच्या अनुदानित कॉलेजांत जातात. पैसा सगळ्यांचा, तर वाट पण सगळ्यांना हवी.

आणि भाचीचं काय झालं? एम.ए. झाली, छान गुण मिळाले. नाव यादीतून गेलं, पासवर्डही गेला. आता गावात शिकवण्या घेते आणि सेटचा अभ्यास करते. शोधगंगेवरचे पीएच.डी.चे प्रबंध कुणालाही खुले आहेत, त्यावर भागवते. नवे लेख मात्र पुन्हा कुंपणापलीकडे. मला वाटतं, तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयात अशा मुलांसाठी एक तरी संगणक हवा, ज्यावर हे सगळं उघडेल. राज्यात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ पासून आहे. त्या वाचनालयांत आजचं ज्ञान यायला नको?

असो. माझं म्हणणं पटो न पटो, एक काम करा. तुमच्या घरातलं कुणी कॉलेजात असेल तर आज रात्री जेवताना विचारा, "तुझा लायब्ररीचा पासवर्ड कुठाय रे?" बघा काय उत्तर येतं ते!