नाण्यांवरील खुणा आणि उद्धरणांची मोजणी : दामोदर कोसंबी यांच्या लेखनसूचीच्या निमित्ताने

दामोदर धर्मानंद कोसंबी (1907–1966) यांच्या लेखनाची सूची करावयास बसलेल्या ग्रंथपालाची पहिली अडचण ही असते की, ही सूची कोणत्या शाखेत ठेवावी हेच ठरत नाही. भूमिती, संख्याशास्त्र, अनुवंशशास्त्र, नाणकशास्त्र, संस्कृत पाठचिकित्सा, प्राचीन भारताचा इतिहास, लोकदैवते : या प्रत्येक क्षेत्रात त्यांचे लेखन आहे, आणि ते हौसेखातर केलेले नाही. संशोधकाची योग्यता त्याच्या शोधनिबंधांच्या व उद्धरणांच्या आकड्यांवरून ठरविण्याची पद्धत विद्यापीठांत रूढ होत असताना या सूचीकडे पुन्हा पाहणे उद्बोधक ठरेल. जी फूटपट्टी तिला लावून पाहता टिकत नाही, ती इतरांना लावताना निदान थोडा संकोच तरी वाटावयास हवा.

1943 आणि 1944 या लागोपाठच्या दोन वर्षांतील दोन निबंध घ्यावेत. त्या काळी कोसंबी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवीत होते. फलनावकाशातील संख्याशास्त्राविषयीचा त्यांचा निबंध 1943 मध्ये भारतीय गणित परिषदेच्या नियतकालिकात आला. यादृच्छिक प्रक्रियेचे परस्परांशी असंबद्ध अशा घटकांत विघटन कसे करावे, याची मूळ कल्पना त्यात आहे. पुढे युरोपात कारहुनेन आणि लोएव्ह यांनी ती स्वतंत्रपणे मांडली, आणि जगभर ती त्या दोघांच्याच नावाने ओळखली गेली. त्या नावांच्या आधी कोसंबींचे नाव जोडण्याची प्रथा फार उशिरा व तीही तुरळकपणे सुरू झाली. 1944 मधील निबंध लंडनच्या ‘अ‍ॅनल्स ऑफ यूजेनिक्स’मध्ये प्रसिद्ध झाला. तो अवघ्या चार पानांचा आहे. गुणसूत्रावरील दोन जनुकांमधील अंतर पुनर्संयोजनाच्या प्रमाणावरून काढण्याचे एक सूत्र हॉल्डेन यांनी 1919 मध्ये दिले होते. त्यात एका ठिकाणच्या अदलाबदलीचा शेजारच्या अदलाबदलीवर काहीच परिणाम होत नाही, असे गृहीत धरले होते. प्रत्यक्षात तो होतो, आणि कोसंबींनी तो हिशेबात घेणारे सूत्र दिले. आजही भात, गहू, कापूस अशा पिकांचे जनुकीय नकाशे तयार करताना ‘कोसंबी फलन’ वापरले जाते.

लेखक एक, काळ एक, ताकदही एकाच दर्जाची. तरीही एक निबंध विस्मृतीत गेला आणि दुसरा जगन्मान्य झाला. या फरकात गुणवत्तेचा वाटा किती आणि नियतकालिकाच्या पत्त्याचा व महायुद्धकालीन टपालाचा वाटा किती, हे उद्धरणांचा आकडा सांगू शकत नाही. तो फक्त परिणाम नोंदवितो, आणि वाचणारा त्यालाच कारण समजून बसतो.

‘कोसंबी फलन’ वापरणारे अनेक संशोधक मूळ निबंधाचा उल्लेखही करीत नाहीत, कारण ते सूत्र संगणक-प्रणालीत आधीच बसविलेले असते. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी या प्रकाराकडे लक्ष वेधले होते : कल्पना इतकी मुरते की तिच्या जनकाचा संदर्भ देण्याची गरजच कोणाला वाटत नाही. म्हणजे प्रभाव जिथे सर्वाधिक, नेमकी तिथेच मोजणी लंगडी पडते. 2005 मध्ये हिर्श यांनी सुचविलेला एच-निर्देशांक घेतला, तर त्याचे गणित आणखी विचित्र निघते. ज्याच्या नावावर एकच निबंध आहे, त्याचा निर्देशांक त्या निबंधाची दहा हजार उद्धरणे झाली तरी एकच राहणार.

या प्रश्नावर सर्वांत मार्मिक प्रकाश पडतो तो कोसंबींच्याच नाणकशास्त्रीय कामातून. आहत नाण्यांचे साठे त्यांनी रसायनशाळेतील तराजूवर एकेक नाणे घेऊन तोलले. नाणे हातोहाती फिरते तसे झिजते. साठ्याचे सरासरी वजन घटते आणि वजनांतील तफावत वाढते. ही झीज नियमाने होते हे पडताळण्यासाठी त्यांनी आपल्या काळातील चलनी नाणीही तोलली. नाण्यांच्या मागील बाजूस ज्या बारीक खुणा दिसतात, त्या नाणे पारखणाऱ्या व्यापाऱ्यांच्या असाव्यात, असा त्यांचा निष्कर्ष होता. कारण खुणा जितक्या अधिक, तितके नाण्याचे वजन कमी आढळले. उद्धरण ही अशीच मागील बाजूची खूण होय. नाणे बाजारात फिरले, अनेकांनी ते हातात घेतले, इतके ती खूण निश्चित सांगते. चांदी किती उरली आहे, हे मात्र तराजूलाच विचारावे लागते.

मराठीच्या अभ्यासकाला हे तत्त्व परके वाटू नये, कारण पाठचिकित्सेचा पायाच तो आहे. भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती (1948) सिद्ध करताना कोसंबींनी शेकडो हस्तलिखितांची छाननी केली आणि सर्व शाखांत समान आढळणारे सुमारे 200 श्लोक वेगळे काढले. एखादा श्लोक किती पोथ्यांत आहे, एवढ्यावर ते थांबले नाहीत. त्या पोथ्या कोणत्या शाखांच्या आहेत हे त्यांनी पाहिले. एकाच मूळ प्रतीवरून उतरविलेल्या दहा पोथ्या म्हणजे दहा साक्षीदार नव्हेत. ज्ञानेश्वरीच्या पाठाविषयी हा विवेक बाळगणारा प्राध्यापक पदोन्नतीच्या तक्त्यात मात्र एकमेकांच्या संदर्भसूचीतून उचललेली दहा उद्धरणे दहाच धरतो! शिवाय उद्धरण समर्थनाचे की खंडनाचे, हा भेदही त्या तक्त्यात नसतो. शरद पाटील यांनी कोसंबींच्या इतिहासपद्धतीशी घेतलेला कडवा झगडा आणि एखाद्या प्रबंधाच्या प्रस्तावनेतील औपचारिक नामोल्लेख, दोहोंची किंमत तिथे सारखीच.

कोसंबींची सूची निष्कलंक आहे, असे मात्र नव्हे. रीमानच्या सुप्रसिद्ध अनुमानाकडे संभाव्यतेच्या मार्गाने जाण्याचा प्रयत्न त्यांनी 1959 मध्ये कृषिसंख्याशास्त्राच्या नियतकालिकातून प्रसिद्ध केला. तो गणितज्ञांना मान्य झाला नाही आणि त्यांच्या प्रतिष्ठेला त्याने धक्का बसला. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील त्यांची नोकरी 1962 मध्ये संपली. फसलेले निबंधही आकड्यांत जमेच्या बाजूलाच पडतात, याची नोंद घ्यावी.

आकड्यांच्या बाजूनेही काही म्हणता येईल. निवड समितीतील ओळखीपाळखी, गटबाजी, जातीचे हिशेब यांच्यापुढे हतबल झालेल्या उमेदवाराला आकडा हा एक आधार वाटतो, आणि तो अगदीच पोकळ नाही. परंतु मराठीतील संशोधकाला तो आधारही नीट मिळालेला नाही. आंतरराष्ट्रीय उद्धरण-सूचींना मराठी नियतकालिके जवळजवळ अदृश्य आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2010 च्या नियमावलीत गुणांकन आणले. 2019 मध्ये मान्य नियतकालिकांची ‘केअर’ सूची प्रसिद्ध केली आणि 2025 मध्ये ती बंद केली. एका पिढीने ज्या यादीत बसण्यासाठी धडपड केली, पैसे घेऊन निबंध छापणाऱ्यांचे उंबरेही झिजविले, ती यादीच उरली नाही.

खांदेश्वर-पनवेल परिसराचे उदाहरण पुरेसे बोलके आहे. 1970 मध्ये सिडकोची स्थापना झाली, नवी मुंबईसाठी जमिनी संपादित झाल्या आणि इथल्या आगरी गावांभोवती वसाहती उभ्या राहिल्या. लग्नात धवले गाणाऱ्या धवलारिणी वृद्ध होत आहेत. म्हसोबा, बोल्हाई यांची ठाणी पायी हिंडून पाहणाऱ्या कोसंबींच्या वाटेने जाऊन कोणा अध्यापकाने हे धवले आज मराठीत नोंदविले, तर त्याच्या निबंधाला पुढील पाच वर्षांत एकही उद्धरण लाभणार नाही, हे जवळजवळ निश्चित आहे. पंचवीस वर्षांनी मात्र त्या विषयावर लिहू पाहणाऱ्या प्रत्येकाला त्याच्याकडेच यावे लागेल. अशा अध्यापकाने धवले टिपावेत की कवितेतील स्त्रीप्रतिमांवर चार पानांचे सहा निबंध छापून आणावेत, हा निर्णय आजची व्यवस्था त्याच्या वतीने आधीच घेऊन टाकते.

येथे धर्मानंद कोसंबी आठवतात. मुलाने आपले बहुतेक शास्त्रीय लेखन इंग्रजीत केले. वडिलांनी ‘भगवान बुद्ध’ मराठीत लिहिला आणि तो अनेक भारतीय भाषांत पोहोचला. हा प्रवास कोणत्याही निर्देशांकात नोंदलेला नाही.

तक्रार करण्यापलीकडे मराठी विभागांना काही करता येणे शक्य आहे. शं. ग. दाते यांची ‘मराठी ग्रंथसूची’ आणि दाते सूचिमंडळाची नियतकालिकांची सूची ही कामे 1950 पाशी थांबतात. त्यापुढील विद्यापीठीय संशोधनाची, निदान विभागीय पत्रिकांतील निबंधांची व त्यांच्या तळटीपांची, सूची करण्याचे काम पदव्युत्तर विद्यार्थ्यांकडे सोपविता येईल. कोणी कोणाचा संदर्भ दिला याबरोबरच तो मान्य करण्यासाठी दिला, खोडून काढण्यासाठी दिला, की मूळ ग्रंथ न उघडताच दिला, हेही तीत नोंदवावे. तिसऱ्या रकान्यातील नोंदी बहुधा सर्वांत अधिक निघतील. पण त्या काढण्यासाठी विद्यार्थ्याला मूळ ग्रंथ उघडावा लागेल.