‘बघून सांगतो’ फुकट का? गरम होणारी जुनी डिझेल गाडी आणि तपासणीची फी



या आठवड्याच्या व्हिडिओत सर्व्हिस बिझनेसमध्ये कशाचे पैसे घ्यायचे यावर बोललो. गॅरेजवाल्यांचा मुद्दा तिथे पाच मिनिटांत उरकला होता, तो इथे सविस्तर लिहितोय. पण हा लेख फक्त गॅरेजवाल्यांसाठी नाही. ज्यांच्या दारात दहा-पंधरा वर्षांची डिझेल गाडी उभी आहे आणि तिचा काटा वारंवार लाल पट्टीकडे जातो, त्यांनी तर नक्की वाचा. शेवटी बिल तुम्हीच भरताय.

माझं मत आधीच सांगून टाकतो. गाडी गरम व्हायची तक्रार तीनदा गॅरेजला जाऊनही जात नसेल, तर बहुतेक वेळा तपासणी झालेलीच नसते. पार्ट बदललेले असतात. तपासणी होत नाही, कारण तिचे पैसे कस्टमर देत नाही आणि गॅरेजवाला मागत नाही.

नाशिकमध्ये हा विषय छोटा नाही. बोलेरो आणि स्कॉर्पिओ इथल्याच महिंद्राच्या कारखान्यातून बाहेर पडलेल्या. त्यांच्या जोडीला सुमो, इंडिका, डिझेल स्विफ्ट. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं आणि मारुतीने डिझेल गाड्या बनवणंच थांबवलं. म्हणजे छोटी डिझेल गाडी नवी घ्यायची म्हटलं तर पर्याय फारच कमी, त्यामुळे ज्याच्याकडे जुनी आहे तो ती सांभाळतो. त्यातल्या कितीतरी गाड्या पोट भरतात. कुणाची टुरिस्टची आहे, कुणी द्राक्षाच्या पेट्या वाहतो, कुणाचं केटरिंगचं सामान त्यातच जातं. अशी गाडी कसारा घाटात वाफ सोडत उभी राहिली की त्या दिवसाचा धंदा गेला, आणि इंजिनचं हेड वाकलं तर दोन-तीन महिन्यांची कमाई गेली.

आता नेहमी काय घडतं ते बघा. गाडी येते. मिस्त्री बोनेट उघडतो, पाइपला हात लावतो, म्हणतो, ‘रेडिएटर जाम झालाय.’ रेडिएटर रॉडिंगला जातो. आठ दिवसांनी गाडी परत. मग थर्मोस्टॅट काढून टाकला जातो, ‘त्याची आपल्याकडे गरज नाही साहेब, तो थंड देशांसाठी असतो’ असं म्हणत. पुन्हा परत. वॉटर पंप. पुन्हा परत. शेवटी हेड उतरवायचं ठरतं. समजा रेडिएटरचे ७,०००, पंपाचे ४,००० आणि हेडच्या कामाचे २५,०००. आकडे हिशेब समजण्यासाठी धरलेत, तुमच्याकडे कमी-जास्त असतील. ३६,००० गेले, आणि एवढं करून कारण सापडलंच असेल याची खात्री नाही.

यात मिस्त्री लबाड असतो असं मी म्हणत नाही. त्याला फक्त पार्ट बसवल्याचेच पैसे मिळतात. मग तो पार्टच बसवणार.

थर्मोस्टॅटचं घेऊ, कारण या एका पार्टबद्दल जितका गैरसमज आहे तितका कशाबद्दलच नाही. इंजिन ठरावीक तापमानाला आल्यावर, बऱ्याच गाड्यांत ८२ ते ८८ अंशांच्या दरम्यान, तो उघडतो आणि पाणी रेडिएटरकडे सोडतो. तो काढला की सपाट रस्त्यावर इंजिन थंड चालतं, डिझेल जास्त पितं आणि झिजतं. ते परवडलं एक वेळ. पण अनेक इंजिनांत थर्मोस्टॅटला खालून एक चकती असते. तो उघडला की ही चकती बायपासची वाट बंद करते. थर्मोस्टॅटच काढला तर ती वाट कायमची उघडी राहते, आणि थोडं गरम पाणी रेडिएटरला वळसा घालून सरळ इंजिनमध्ये परत येतं. म्हणजे घाटात गरम होणारी गाडी आणखी गरम होते! आणि तो चांगला आहे की नाही हे बघायला लागतं काय? एक पातेलं पाणी, एक थर्मामीटर आणि दहा मिनिटं.

तपासणीची सुरुवात पान्याने होत नाही, प्रश्नाने होते. ‘कधी गरम होते?’

सिग्नलला, एसी चालू असताना गरम होते आणि हायवेला लागली की काटा खाली येतो? मग हवेकडे बघा. डिझेल इंजिन आयडलला फार कमी डिझेल जाळतं, त्यामुळे उष्णताही कमी तयार होते. उभ्या गाडीत ते तापत असेल तर फॅनवर संशय घ्यायलाच हवा. इलेक्ट्रिक फॅन असेल तर तो फिरतो का, एवढंच बघून भागत नाही, कुठल्या दिशेला हवा फेकतो ते बघा. मोटर बदलताना वायर उलट जोडली गेली की फॅन हवा ओढण्याऐवजी पुढे ढकलतो, आणि फिरताना तर तो छान दिसतो. फॅन पट्ट्यावर चालत असेल तर त्याचा व्हिस्कस क्लच तपासा. गरम इंजिन बंद करून पात्याला हाताने झटका दिल्यावर ते सुसाट फिरत राहिलं तर क्लच गेलेला आहे. फॅनभोवतीचं प्लास्टिकचं कडं जागेवर आहे का तेही बघा. पुढून ठोकलेल्या गाडीच्या कामात ते तुटतं आणि बसवायचं राहून जातं. ते नसलं की फॅन रेडिएटरमधून हवा ओढायच्या ऐवजी आजूबाजूचीच गरम हवा घुसळत बसतो.

उलट, शहरात ठीक आणि घाटात किंवा लोड घेऊन गेल्यावरच गरम होते? मग पाण्याच्या फिरण्यात किंवा रेडिएटरच्या ताकदीत खोट आहे. वर्षानुवर्षं बोअरचं पाणी ओतलेल्या रेडिएटरच्या नळ्यांत क्षार बसतात, किटलीत बसतो तसा थर. वॉटर पंप बाहेरून कोरडा ठणठणीत असतो आणि आत त्याची पाती गंजून निम्मी झालेली असतात. एक जागा तर हमखास सुटते. एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधली फट. लासलगाव-पिंपळगावच्या मार्केटला जाणाऱ्या गाड्यांत तिथे कांद्याची सालं आणि धूळ यांचा अक्षरशः नमदा तयार होतो. समोरून बघितलं तर कंडेन्सर स्वच्छ! समोरून पाणी मारलं तर घाण आणखी आत जाते. इंजिनच्या बाजूने बाहेरच्या दिशेला पाणी मारावं लागतं, आणि खरं तर दोन्ही वेगळे करूनच धुवावे लागतात.

तिसरा प्रकार सगळ्यात महागडा. सकाळी थंड गाडी चालू केली आणि मिनिट-दोन मिनिटांत, इंजिन कोमट व्हायच्या आधीच, वरचा पाइप दगडासारखा कडक झाला. पाणी गरम नसताना दाब आला कुठून? सिलेंडरमधला गॅस पाण्यात घुसतोय. हेड गॅस्केट, वाकलेलं हेड किंवा तडा. पण इथेही लगेच हेड उतरवू नका. ज्वलनाचा गॅस ओळखणारं एक निळं द्रावण मिळतं. पाण्याच्या टाकीतली हवा त्यातून ओढली आणि रंग हिरवट-पिवळा झाला तर शंका खरी. रंग बदलला नाही तर पुन्हा पुन्हा तपासा, पण कस्टमरला पंचवीस हजारांचं काम सांगू नका.

गाडी पाणी खाते, पण कुठे गळताना दिसत नाही, ही तक्रार वेगळी. थंड गाडीवर हातपंपाने सिस्टिममध्ये दाब भरून ठेवायचा आणि काटा पडतो का बघायचं. हीटरच्या रेडिएटरमधून पायाशी ओल येते का, नव्या डिझेल गाड्यांत ईजीआर कूलर आतून फुटलाय का, हे त्यानंतर.

आणि झाकण. हे काही शे रुपयांचं झाकण मी मुद्दाम वेगळं काढून सांगतोय. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटर उंचावर आहे. इथे उघडं पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. रेडिएटरचं झाकण सिस्टिममध्ये ०.९ किंवा १.१ असा दाब धरून ठेवतं, आकडा त्याच्यावरच छापलेला असतो. या दाबामुळे पाणी ११५-१२० अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. झाकणाची स्प्रिंग किंवा रबर गेलं की ही वीस अंशांची सगळी गुंजाइश संपली. इंजिन ठणठणीत, रेडिएटर नवा, आणि गाडी घाटात उकळतेय. (गरम गाडीचं झाकण उघडायचं नाही, हे माहीत असूनही दरवर्षी माणसं भाजतात. इंजिन पूर्ण थंड होऊ द्या, मगच हात लावा.)

एक गोष्ट राहिली. गाडी खरंच गरम होते का? काटा हा साक्षीदार भरवशाचा नाही. सेन्सर खोटं बोलतो, अर्थिंग कच्चं असलं की काटा उगाच चढतो. ओबीडी पोर्ट असलेल्या गाडीत स्कॅनर लावून आकडा वाचा. नसेल तर इन्फ्रारेड गन आहेच, हजार-दोन हजारांत मिळते. ती चकचकीत ॲल्युमिनियमवर धरलीत तर चुकीचा आकडा दाखवते. तिथे काळी टेप चिकटवून त्यावर धरा, किंवा रबरी पाइपवर.

आपल्याच सातपूरला बॉशच्या कारखान्यात डिझेल इंजेक्टर बनतात, तिथे मोजमाप मायक्रॉनमध्ये चालतं. तिथून थोड्या अंतरावरच्या गॅरेजमध्ये तापमान तळहाताने मोजलं जातं. मला हे खटकतं. ज्ञान आपल्या पोरांकडे आहे, हात चांगले आहेत. मोजायला लागणारा वेळ बिलात कुठेच दिसत नाही, म्हणून मोजलं जात नाही.

तर आता पैशाचं बोलू. वर लिहिलेलं सगळं नीट करायला साधारण तीन तास लागतात, आणि गाडी रात्री गॅरेजला ठेवावी लागते, कारण थंड इंजिनच्या चाचण्या सकाळीच होतात. समजा तुमच्या गॅरेजचा भाडं, पगार, वीज धरून महिन्याचा खर्च ९०,००० आहे. दोन माणसं, २६ दिवस, आठ तास, म्हणजे ४१६ तास. त्यातले निम्मेच बिलात लागतात असं धरा, २०८. तासाला तुमचा खर्च ४३० च्या आसपास पडला. तीन तासांचे १,३०० होतात, त्यावर तुमचा नफा. म्हणजे १,६०० रुपये तपासणी फी ही काही लूट नाही. आज तुम्ही हेच १,३०० खिशातून घालताय, किंवा तपासणी न करता वाचवताय.

‘सर, कस्टमर पळून जाईल.’ प्रत्येक बॅचला हे वाक्य येतं. काही जातील. ज्याला नुसतं कूलंट भरून पुढे जायचंय तो जाईल, जाऊ द्या. पण हीच माणसं रक्त तपासायला लॅबमध्ये जातात, पैसे आधी भरतात, आणि रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून कोणी पैसे परत मागत नाही. तिथे कागद मिळतो. तुम्ही कागद देता का? वरच्या पाइपचं तापमान, खालच्या पाइपचं तापमान, झाकण किती दाबाला सुटलं, फॅन किती अंशांना चालू झाला, गॅसची चाचणी काय आली. पाच-सहा आकडे, तारीख, किलोमीटर, सही. हा कागद घेऊन कस्टमर दुसऱ्या गॅरेजला गेला तरी चालेल असा द्या.

बरेच जण म्हणतात की फी घ्या, पण काम आपल्याकडे केलं तर बिलातून वजा करा. माझा याला विरोध आहे. फी वजा होणार असेल तर काहीतरी काम निघालंच पाहिजे असा दबाव तुमच्यावर येतो, आणि आपण फिरून तिथेच येतो. ज्या दिवशी तुम्ही ‘झाकण बदला, बाकी काही करू नका’ असं सांगून १,६०० अधिक झाकणाचे पैसे घ्याल आणि कस्टमर कुरकुर न करता देईल, त्या दिवशी तुमचा धंदा वेगळ्या पातळीवर गेला असं मी समजेन. अर्थात नव्या गॅरेजला पहिले सहा महिने हे जड जातं. तेवढ्यापुरतं ओळखीच्या पाच-दहा गाड्यांपासून सुरू करा, बोर्ड नंतर लावा.

आणि गाडीमालकांनो, तुमचीही बाजू आहे. ‘दुसरा फुकट बघतो’ हे म्हणणं सोडा. गाडी टाकताना ‘गरम होते’ एवढंच सांगू नका. कुठे, किती वेळाने, एसी चालू होता का, किती माणसं होती, पाणी किती कमी झालं, हे आठवडाभर लिहून ठेवा. आधी काय काय बदललं त्याची बिलं सोबत न्या. थर्मोस्टॅट कोणी काढला असेल तर आधी तो परत बसवायला सांगा, त्याशिवाय पुढचं कुठलंच माप खरं येणार नाही.

काम झाल्यावर ट्रायल सर्कलभोवती दोन चकरा मारून घेऊ नका. इगतपुरी ओलांडून कसारा घाट उतरायचा आणि एसी लावून परत चढायचा, मिस्त्री शेजारी बसलेला, स्कॅनर किंवा गन त्याच्या हातात. त्याचा अर्धा दिवस जातो, तो फीमध्ये आधीच धरा. डिझेल आणि घोटीचा टोल गाडीमालकाचा, हे जॉब कार्डवर पहिल्याच दिवशी लिहून घ्या.