मधल्या पेटीची गोष्ट

दिवाळीच्या अंकात सदर लिहिणाऱ्याने चकल्या-अनारशांवर किंवा पणत्यांवर लिहावे, अशी आपल्याकडे रीत आहे. मी यंदा गिअरबॉक्सवर लिहिणार आहे. मराठीच्या प्राध्यापकाने आपली पायरी ओळखून राहावे, असे काही वाचकांना वाटेल. पण विषय घरचा आहे, आणि तो कागदावर उतरल्याशिवाय मला फराळ गोड लागायचा नाही.

आमची फियाट अण्णांनी १९७८ साली घेतली. नंबर लावून बरीच वर्षे वाट पाहावी लागे, तो काळ. कागदोपत्री तिचे नाव प्रीमियर पद्मिनी. पण सोलापुरात तिला त्या नावाने कोणी हाक मारल्याचे मला आठवत नाही. या गाडीविषयी आम्हां सोलापूरकरांना थोडा जास्तच अभिमान. ज्यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली ते शेठ वालचंद हिराचंद याच गावचे. १८८२ साली इथेच जन्मले. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली गाडी आमच्या दारात आली तेव्हा, 'गावचीच लेक माहेरी आली' असे आजी म्हणाली होती म्हणे.

त्या गाडीचा गिअर हाताचा. म्हणजे दांडी स्टिअरिंगच्या बाजूला. त्यामुळे पुढची बैठक सबंध, बाकासारखी. चालवायला अण्णा, खिडकीशी मी आणि आम्हां दोघांच्या मध्ये आई. मागे जागा रिकामी असली तरी आई मध्येच बसे. पंढरपूर, अक्कलकोट, तुळजापूर, सारे काही तिने त्या मधल्या जागेवरून पाहिले.

१९९५ साली अण्णा आणि आई काशीला गेले होते. दादा तेव्हा नुकता नोकरीला लागला होता आणि हातात पहिला बोनस खुळखुळत होता. गाडीचे मूळ इंजिन १०८९ सीसीचे, दमलेले. त्याच कंपनीने १९८५ साली ११८ एनई नावाची नवी गाडी काढली होती. तिला निस्सानचे ११७१ सीसीचे इंजिन असे. अपघातात चेपलेल्या अशा एका गाडीचे इंजिन दादाने मिळवले आणि आमच्या फियाटमध्ये बसवून घेतले. गिअरबॉक्स मात्र जुनीच ठेवली. दोन परक्या वस्तू एकमेकींना जोडण्यासाठी मध्ये एक जाड लोखंडी प्लेट करून घातली. गाडी वाऱ्यासारखी पळू लागली.

अण्णा परत आले. त्यांनी बॉनेट उघडून पाहिले आणि मिटले. इंजिन बदलले की १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे परिवहन कार्यालयाची मंजुरी घ्यावी लागते, नोंदणीच्या पुस्तकात तशी नोंद करावी लागते. त्या अर्जावर अण्णांनी मुकाट्याने सही केली. पण त्या दिवसापासून ते गाडी चालवायला बसले नाहीत, आणि दादाशी त्यांचे बोलणे कामापुरते उरले. तेही बहुधा आईच्या मार्फत. "त्याला म्हणावं, जेवायला ये." "अण्णांना सांग, पैसे पाठवलेत." दादा पुण्याला गेला तरी ही टपाल तशीच चालू राहिली. सहा वर्षांपूर्वी आई गेली, आणि टपाल बंद पडली.

आता गिअरबॉक्सकडे वळतो. गेल्या उन्हाळ्यात गाडी तिसऱ्या गिअरमधून आपोआप बाहेर पडू लागली. दुसरा घालताना करकर होई, आणि पायाखालून गिरणीसारखा घुमणारा आवाज येई. आमचे मिस्त्री गाडीत बसले आणि मला होटगी रस्त्याने फिरवून आणले. म्हणाले, "सर, आवाजाकडं ध्यान द्या. पहिल्या तिन्ही गिअरांत घुमतंय. चौथा टाकला की गप्प. बघा की."

खरोखरच तसे होते. मग त्यांनी मला कारण समजावून दिले, आणि सांगतो वाचकहो, व्याकरणाचा इतका स्वच्छ तास मी स्वतः कधी घेतलेला नाही. पेटीत वरच्या अंगाला एका रेषेत दोन दांडे असतात. एक इंजिनाकडून येणारा, दुसरा चाकांकडे जाणारा. त्यांच्या खाली तिसरा दांडा. पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनाचा जोर वरून खालच्या दांड्यावर उतरतो आणि दातांमधून पुन्हा वर चढतो. चौथ्यात मात्र वरचे दोन्ही दांडे सरळ एकमेकांत अडकतात. खालच्यावर ओझे राहत नाही. म्हणून चौथ्यात आवाज थांबला, तर समजावे की खालच्या दांड्याची बेअरिंगे आणि दात गेले. करकर होण्याचे कारण वेगळे. गिअर पडण्यापूर्वी दोन्हीकडचा वेग सारखा करून देणाऱ्या पितळी कड्या असतात. त्या झिजल्या की दात एकमेकांवर आपटतात. तळाचा बोल्ट काढून तेल परातीत घेतले, तर त्यात पिवळी चमक तरंगत होती आणि लोहचुंबकाला काळी भुकटी चिकटली.

मी हुशारी केली. जुन्या सामानाच्या बाजारातून त्याच जातीची दुसरी गिअरबॉक्स स्वस्तात आणली. मिस्त्रींनी तिच्याकडे पाहिलेही नाही. "ही बसवली तर चार वर्षांनी पुन्हा याल. आधीची का गेली, ते बघू द्या."

त्यांनी जुनी पेटी उतरवली. इंजिनाच्या फ्लायव्हीलवर डायल गेज बसवले, त्याचा काटा त्या जोडप्लेटवर बसणाऱ्या बेल हाउसिंगच्या गोल तोंडाला टेकवला आणि इंजिन हाताने सावकाश एक फेरा फिरवले. इंजिनाचा आणि पेटीचा मध्य एक असता तर काटा जवळजवळ हलला नसता. तो अर्ध्या मिलिमीटरहून अधिक सरकला. "पेटी गेली नाही, सर. घालवलीय तिला. तीस वर्षं वाकडी धरून फिरवली."

एवढ्याशा फरकाने इंजिनाकडून येणारा दांडा प्रत्येक फेऱ्याला किंचित ओढला जात होता. आधीच इंजिन तिच्या ताकदीपेक्षा जोरकस, त्यात ही रोजची ओढाताण. त्या पेटीने कुरकुर केली नाही, हेच नवल.

आता मार्ग दोन होते. एक, नवी बेअरिंगे व कड्या घालून जुनी पेटी दुरुस्त करायची आणि जोडप्लेट नव्याने अचूक करून घ्यायची. आमचे गाव मागांचे. मागाचे भाग करणारे एकाहून एक टर्नर इथे आहेत, तेव्हा प्लेट झाली असती. पण जास्तीचा जोर त्या पेटीवर राहिलाच असता. दुसरा मार्ग, निस्सानच्या इंजिनाची जोडीदार असलेली गिअरबॉक्स बसवायची. मग मधली प्लेटच नको. त्या कारखान्यानेही शेवटच्या वर्षांत पद्मिनीच्या एस-वन या प्रकाराला निस्सानचीच पेटी दिली होती. अडचण एकच. तिची दांडी खालून, दोन बैठकींच्या मधून वर येते. हाताचा गिअर जाणार, आणि पुढची मधली जागाही जाणार.

मी घुटमळलो. ती जागा कोणाची, हे वाचकांना सांगायला नको. शेवटी अण्णांना विचारले. अण्णा आज ब्याऐंशी वर्षांचे आहेत. रिक्षा करून स्वतः गॅरेजात आले. उघडून ठेवलेल्या पेटीतला खालचा दांडा त्यांनी हातात घेतला आणि झिजलेल्या दातांवरून बोट फिरवले. बराच वेळ कोणी बोलले नाही.

"मिस्त्री," अण्णा म्हणाले, "इंजिन जोरदार होतं की नाही?"

"जोरदार आहे, अण्णा. अजून पिस्टनला हात लावायची गरज नाही."

"मग त्याच्या जोडीचीच पेटी बसवा. मध्ये कुणाला उगाच झिजवायचं नाही." आणि माझ्याकडे वळून, "त्याला फोन लाव. मी बोलतो."

तीस वर्षांत प्रथमच अण्णा दादाशी त्या इंजिनाविषयी बोलले. काय बोलले ते मी ऐकले नाही; मी मुद्दाम बाहेर चहा सांगायला गेलो.

काम तीन आठवडे चालले. नव्या पेटीच्या दांड्याला जुळणारी क्लचप्लेट आणली, कारण दोघांच्या खाचा जुळल्याशिवाय काहीच हलत नाही. लांबीत फरक पडला म्हणून प्रोपेलर शाफ्ट कापून, जोडून, तोल तपासून घेतला. तोल चुकला तर वेगात सारी गाडी थरथरते. पेटीला खालून आधार देणारी पट्टी नवी केली. डायल गेज पुन्हा लावले. काटा जागचा हलेना, तेव्हा मिस्त्रींनी प्रथमच विडी पेटवली. वेगाचा काटा अजून खोटे बोलतो. तो मी रस्त्यावरचे किलोमीटरचे दगड मोजून ताडून पाहणार आहे.

ज्या वाचकांच्या घरी जुनी गाडी आहे त्यांना एवढेच सांगतो. झिजलेला भाग बदलण्याआधी तो का झिजला ते शोधा. आणि इंजिन बदलाल तर त्याच्या मागे जे जे ओझे वाहते, त्याचाही विचार त्याच दिवशी करा.

दसऱ्याला दादा पुण्याहून आला. गाडीला झेंडूचा हार घातला, चाकांखाली लिंबे ठेवली. दादा चालवायला बसला, अण्णा त्याच्या शेजारी. मी मागे. सिद्धेश्वराच्या तळ्यापर्यंत जाऊन यायचे होते. दोघांच्या मध्ये आता गिअरची दांडी होती. अण्णा तिच्याकडे पाहत होते. सात रस्त्याला दादाने तिसरा टाकला. आवाज झाला नाही.

"चांगला पडतो," अण्णा म्हणाले.

"हो अण्णा," दादा म्हणाला.

निरोप पोचवायला मध्ये कोणी लागले नाही.