पाण्याला ‘जोप्पो’ म्हणणारी माणसे

आमच्या काकांची शेती बुलढाणा जिल्ह्यात, सातपुड्याच्या अगदी पायथ्याशी, जळगाव-जामोद तालुक्यात होती. खानदेशातल्या जळगावाशी घोटाळा होऊ नये म्हणून जवळच्या जामोद गावाचे नाव या जळगावाला जोडले गेले आहे. दिवाळीच्या सुटीत आम्ही भावंडे तिकडे जात असू आणि फराळाच्या डब्यांइतकीच आम्हांला ओढ असे ती काकांच्या सालदाराची. आम्ही त्यांना म्हातारबा म्हणत असू.

रात्री शेकोटीभोवती बसून म्हातारबा आम्हांला गोष्टी सांगत. सीतेची सांगत, भीमाची सांगत, वाघाला फसवणाऱ्या कोल्ह्याची सांगत. आणि सगळ्या खास वऱ्हाडीत. मधेच बायकोकडे वळून ते काहीतरी बोलत. ते वऱ्हाडीही नसे आणि हिंदीही नसे. लगेच पाण्याचा तांब्या पुढे येई, म्हणून त्या बोलण्यातला एक शब्द आम्हांला कळला. ‘जोप्पो’! मग काय विचारता! त्या वर्षी शाळा सुरू झाल्यावरही आम्ही पाण्याला जोप्पो म्हणून खिदळत होतो.

एकदा मी विचारले, “म्हातारबा, त्या भाषेतली गोष्ट सांगा ना!”

ते हसून म्हणाले, “ते तुमाले काय समजन, पोट्टेहो? तुमची हाय ते सांगतो.”

आमची होती तीच गोष्ट आम्हांला मिळाली, आणि आम्ही खूश झालो. वाचकहो, एवढ्याशा गोष्टीची रुखरुख माणसाला म्हातारपणी लागावी, ही गंमतच म्हणायची. पण ती लागली आहे खरी.

कारण पुष्कळ वर्षांनी एका ग्रंथालयात ‘जोप्पो’ मला पुन्हा भेटला, आणि तोही एका डच पंडिताच्या पुस्तकात! एफ. बी. जे. कायपर यांनी १९६२ साली निहाली भाषेवर एक अभ्यासग्रंथ प्रसिद्ध केला. आमचे म्हातारबा निहाल होते, आणि शेकोटीजवळची ती ‘डोंगरातली बोली’ म्हणजे निहाली, हे मला तेव्हा उमगले.

या भाषेचे नवल काय, ते सांगतो. आपली मराठी हिंदी-गुजरातीची बहीण आहे. सातपुड्यातले कोरकू पाण्याला ‘डा’ म्हणतात. त्यांची भाषा संताळी-मुंडारीच्या कुळातली, आणि हे कुळ पार कंबोडिया-व्हिएतनामपर्यंत पसरलेले. निहालीत मात्र पाणी म्हणजे ‘जोप्पो’, आणि त्याला ना इकडचा आधार, ना तिकडचा. निहाली आकडे पाहा: बिदुम, ईरार, मोथो, नालो. दोन, तीन आणि चार ऐकताना कानडी-तेलुगूची आठवण होते. पाचपासून पुढे आपल्याकडचेच आकडे उसने घेतलेले. शब्दसंग्रहातले पुष्कळ कोरकूकडून आले, काही द्राविडी भाषांतून आले, काही मराठी-हिंदीतून. पण कायपर यांच्या हिशेबाप्रमाणे सुमारे चौथा हिस्सा शब्द असे उरतात, की त्यांचा सोयरा कुठेच सापडत नाही. युरोपात बास्क किंवा हुंझा खोऱ्यात बुरुशास्की जशी एकटी, तशी ही आपल्या बुलढाण्यातली एकटी भाषा. बोलणारे असतील दोन-अडीच हजार. जामोद, सोनबर्डी, कुवरदेव, चालठाणा अशी त्यांची गावे.

एवढी दुर्मीळ भाषा, पण तिची नोंद कशी झाली पाहा. १९०६ साली ग्रियर्सन यांच्या भाषा-सर्वेक्षणाच्या चौथ्या खंडात निमाडकडची निहाली ‘नहाली’ या नावाने आली. या सर्वेक्षणाची रीत अशी, की भाषांची तुलना करता यावी म्हणून पहिला नमुना सगळीकडे एकच घ्यायचा: बायबलातल्या उधळ्या मुलाची गोष्ट. तुलनेला ती सोय चांगलीच होती. पण डोंगरातल्या माणसाकडे जाऊन आधी मागायची ती आपलीच गोष्ट! शेकोटीजवळ आम्ही पोरांनी तरी निराळे काय केले होते?

त्यांची गोष्ट ऐकली तर काय हाती लागते, याचा दाखला शेजारच्या कोरकूंचा आहे. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी १९१६ साली मध्य प्रांतातील जाती-जमातींवरच्या ग्रंथात ती कथा नोंदवली. सातपुडा ओसाड पाहून रावणाने महादेवाला विनवले की इथे माणसे वसव. महादेवाने कागेश्वर कावळ्याला लाल मातीचे वारूळ शोधायला धाडले. त्या मातीचे एक पुरुष आणि एक स्त्री घडवली, तोच इंद्राचे दोन धगधगते घोडे आले आणि त्यांनी मूर्ती तुडवून टाकल्या. दोन दिवस हेच चालले. शेवटी महादेवाने मातीचा कुत्रा केला, त्याच्यात प्राण फुंकला आणि त्याला राखणीला बसवले. कुत्र्याने घोडे अडवले. मग मुला आणि मुलाई ही पहिली जोडी जन्माला आली.

काय सुंदर कथा! रावण इथे खलपुरुष नाही, तो वस्तीची काळजी वाहणारा आहे. आणि माणसाच्या आधी जन्मला तो त्याचा राखणदार. जंगलाच्या कडेला ज्याने रात्री काढल्या, त्यालाच हे सुचणार. पण ही कथाही आपल्यापर्यंत आली ती इंग्रजीतून, आणि तीही थोडक्यात. सांगणारा कुठे थांबला, घोडे आले तेव्हा त्याचा आवाज कसा चढला, पोरे कुठे हसली, ते सारे गळून गेले. दुर्गाबाई भागवतांच्या ‘लोकसाहित्याची रूपरेषा’ या १९५६ च्या ग्रंथाने आपल्याकडे या अभ्यासाची वाट रुंद केली. ज्यांना गोडी असेल त्यांनी तो जरूर वाचावा.

निहालीसाठीही माणसे झटली आहेत. सुधिभूषण भट्टाचार्य यांची टिपणे १९५७ साली प्रसिद्ध झाली. आशा मुंडले यांचा शब्दसंग्रह १९९६ साली छापला गेला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील शैलेंद्र मोहन यांनी गावोगाव जाऊन ध्वनिमुद्रण केले. सरकारी कागद मात्र मुके आहेत. १९७१ पासून जनगणनेत दहा हजारांहून कमी लोकांच्या भाषांचे आकडे वेगळे छापत नाहीत. अनुसूचित जमातींच्या यादीतही निहाल हे नाव कोरकूंच्याच नोंदीत, मागच्या रांगेत बसलेले. शाळा मराठी, बाजार मराठी-हिंदी, शेजार कोरकू. अशात घरच्या भाषेला उरतो तो चुलीजवळचा कोपरा. चुलीजवळची म्हातारी गेली, की कोपरा रिकामा.

गेल्या दिवाळीत बऱ्याच वर्षांनी काकांकडे गेलो. म्हातारबा कधीच गेले. त्यांचा नातू भेटला. चांगला शिकलेला, चुणचुणीत. मी माझी जुनी रुखरुख त्याला सांगितली. तो म्हणाला, “चाला, आईले विचारू.”

आईने आधी त्याच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. “यायले काहून पायजे?” नातवाने समजावले, की यांना छापायचे नाही, फक्त ऐकायचे आहे. त्याने खिशातला मोबाईल काढून मधे ठेवला. ती दहाएक मिनिटे बोलली. तिच्या बोलण्यात ‘जोप्पो’ दोनदा आला. तेवढाच मला कळला. ती गोष्ट मी इथे देत नाही. एक तर ती तिची आहे, आणि दुसरे म्हणजे ती मला समजलेली नाही.

बाहेर आल्यावर नातवाने विचारले, “समजलं का काका?”

“नाही रे.”

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “मले बी अर्धंच समजलं.”

मला म्हातारबांचे शब्द आठवले. तेव्हा गोष्ट न समजणारे आम्ही परके होतो. आता घरचा पोरगाच अर्धा परका झाला होता. पण तो काही हातपाय गाळून बसला नाही. रात्री जेवणे झाल्यावर वही घेऊन तो पुन्हा आईजवळ बसला. मोबाईलवर एक वाक्य लावायचा, थांबवायचा, अर्थ विचारायचा, लिहायचा. ती एखाद्या शब्दाला हसून त्याच्या पाठीत धपाटा घालायची आणि पुन्हा सांगायची.

मी ओसरीवर बसून ते ऐकत होतो. मधे त्याला तहान लागली असावी. त्याने आईला हाक मारून पाणी मागितले, आणि मागितले ते निहालीत.