उसनी वाळू

कणगीतील धान्य दिवसेंदिवस उतरू लागले, तर जाणती गृहिणी नवे पोते ओतण्यापूर्वी कणगीला भोक कोठे पडले आहे हे पाहते. समुद्राने खाल्लेल्या किनाऱ्यांच्या बाबतीत मात्र मोठमोठी राष्ट्रे वर्षानुवर्षे केवळ पोती ओतीत आली आहेत.

अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यातील मायामी बीच या शहराचेच पाहा. तेथे पाण्याच्या अगदी काठाशी हॉटेले उभी राहिली, त्यांच्या रक्षणासाठी भिंती आल्या आणि १९७० च्या सुमारास पुळण बहुतांशी नाहीशी झाली. तेव्हा १९७६ पासून पुढील काही वर्षांत लष्कराच्या अभियंत्यांनी समुद्रतळाची वाळू उपसून सुमारे दहा मैलांचा किनारा नव्याने घडविला. त्याची वाहवा झाली, आणि ती अनाठायी नव्हती. रुंद पुळण वादळी लाटांचा जोर मोडते. शिवाय दगडी भिंतीपेक्षा ती डोळ्यांना सुखावह वाटते. परंतु भर एकदा घालून भागले नाही. २०१० नंतरच्या दशकात त्या परगण्याच्या समुद्रातील उपसण्याजोगी वाळू संपली. २०१५ मध्ये उत्तरेकडील सेंट लूसी व मार्टिन परगण्यांच्या वाळूकडे दृष्टी वळताच तेथील लोकांनी कडाडून विरोध केला. ती वाळू त्यांना स्वतःच्या किनाऱ्यासाठी हवी होती. अखेर अंतर्भागातील खाणींची वाळू मालमोटारींतून वाहून आणावी लागली! समुद्रकाठच्या गावाने वाळू विकत घ्यावी, याहून मोठा दैवदुर्विलास कोणता?

नव्या भरावाची बरीचशी वाळू पहिल्या एक-दोन हंगामांतच ओसरते, कारण लाटा ती पाण्याखालच्या उतारावर पसरवितात. अभियंत्यांना हे अपेक्षितच असते. कर भरणाऱ्या नागरिकाला मात्र आपला पैसा बुडाला असे वाटते, आणि त्याला दोष तरी कसा द्यावा? तिकडे पुळण रुंद दिसू लागताच तिच्या भरवशावर आणखी इमारती उठतात.

आणि वाचकहो, किनारा म्हणजे काही निर्जीव वाळूचा ढीग नव्हे. लाटांच्या रेषेवर वाळूत बुडी मारून राहणारे चिमुकले खेकडे व शिंपले या भरावाखाली गाडले जातात. त्यांच्यावर जगणाऱ्या तुतवारासारख्या पक्ष्यांचे अन्न तुटते. समुद्रतळ खरवडला जातो, तेथील जीवसृष्टीही उद्ध्वस्त होते. मोरजी-आगोंदच्या पुळणीवर अंडी घालावयास येणारी कासवे ज्यांनी पाहिली आहेत, त्या गोमंतकीय वाचकांना पुढची गोष्ट सहज उमजेल. लाटा नव्या भरावाला कापून उभा कडा करतात. तो चढणे न साधल्याने कासवीण अंडी न घालताच परत फिरते. चढलीच तर दडपून घट्ट झालेल्या वाळूत तिला खड्डा उकरता येत नाही. पिल्लू नर की मादी हेही घरट्यातील उष्णतेवर ठरते. आणलेली वाळू मूळच्यापेक्षा गडद असेल, तर ती अधिक तापते व माद्याच अधिक निपजतात.

मग भोक कोठे आहे? पुदुच्चेरीत ते स्पष्ट दिसते. भारताच्या त्या किनाऱ्यालगत वर्षाकाठी वाळूचा मोठा ओघ दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकतो. १९८० च्या दशकाच्या अखेरीस शहराच्या दक्षिणेस बंदराचे बांध झाले आणि हा ओघ अडला. बांधाच्या दक्षिणेस वाळू साचली. उत्तरेस शहराची पुळण नाहीशी झाली. तेथे दगड टाकले, तर झीज त्याहून उत्तरेच्या कोळीवाड्यांत शिरली.

अशा ठिकाणी परकी वाळू आणण्यापेक्षा अडलेली वाळू बांधापलीकडे पोहोचविणे अधिक न्याय्य, असे मला वाटते. ऑस्ट्रेलियात ट्वीड नदीच्या मुखाशी २००१ पासून हेच चालते. तेथे बांधांमुळे दक्षिणेस अडणारी वाळू पंपांनी ओढून नळांवाटे उत्तरेच्या किनाऱ्यांना दिली जाते. याचाही खर्च कधी संपत नाही, कारण बांध उभे आहेत तोवर पंप चालू ठेवणे भागच आहे. पण निदान त्यासाठी दुसऱ्याचा समुद्रतळ खरवडावा लागत नाही.