संगणकाची निगा : एक नित्यकर्म

तिन्हीसांजा झाल्या की घरातील वडीलधाऱ्या माणसाने सर्वत्र एक फेरी मारावी, ही आपल्या घरांतील जुनी रीत आहे. मागील दाराची कडी, न्हाणीघराची खिडकी, गॅसची कळ, गच्चीचे कुलूप या साऱ्यांवरून एकदा हात फिरला म्हणजे मगच घर निजते. या फेरीला कोणी भित्रेपणा म्हणत नाही, आणि ती एकदा मारली म्हणून उद्या मारावयाची नाही, असेही कोणी म्हणत नाही. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत मात्र आपल्या घरांना एक नवे दार फुटले आहे आणि त्याची गणना अद्याप या फेरीत झालेली नाही. ते दार म्हणजे बैठकीच्या खोलीतील किंवा मुलांच्या अभ्यासिकेतील संगणक होय.

आपल्यासारख्या, महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या स्थिरावलेल्या कुटुंबांच्या दृष्टीने या यंत्राचे मोल काही निराळेच आहे. मुलगी पुण्याला, मुलगा बंगळूरला किंवा परदेशी. त्यांची भेट याच्याच पडद्यावर होते. निवृत्तिवेतनाचा हिशेब, बँकेचे व्यवहार, नातवंडांची छायाचित्रे, घरातील जुन्या मोडी कागदांच्या प्रती, एवढेच नव्हे तर कुलाचाराची टिपणेही आता या पेटीत जाऊन बसली आहेत. पूर्वी ज्या वस्तू तीन ट्रंकांत आणि एका फडताळात विभागलेल्या असत, त्या एकाच ठिकाणी आल्या. सोय झाली खरी. परंतु चोराचीही सोय झाली.

प्रथम या ‘विषाणू’चे स्वरूप पाहू. ‘व्हायरस’ हा मूळचा लॅटिन शब्द. त्याचा अर्थ विष. अमेरिकेतील संशोधक फ्रेड कोहेन यांनी १९८४ मध्ये आपल्या निबंधात संगणकाच्या संदर्भात ही संज्ञा वापरली आणि ती रूढ झाली. शरीरातील विषाणू ज्याप्रमाणे पेशीत शिरून तिलाच आपल्या प्रती काढावयास लावतो, त्याप्रमाणे ही लहानशी आज्ञावली दुसऱ्या आज्ञावलीला चिकटते आणि आपल्या प्रती काढीत पसरते. वैयक्तिक संगणकावरील असा एक आरंभीचा प्रसिद्ध विषाणू १९८६ मध्ये लाहोर येथील दोन दुकानदार बंधूंनी तयार केला. आपल्या आज्ञावलीची चोरून नक्कल करणाऱ्यांना हिसका दाखवावा, एवढाच आपला हेतू होता असे ते सांगत. त्यांनी त्यात आपल्या दुकानाचा पत्ता आणि दूरध्वनी क्रमांकही घातला होता! त्या काळी हा रोग फ्लॉपी चकतीवरून हातोहात पसरे. म्हणजे त्याला प्रवासाला महिने लागत. मे २००० मध्ये फिलिपाइन्समधून निघालेला विषाणू प्रेमपत्राचा वेष घेऊन विरोपाने आला आणि अक्षरशः तासांच्या हिशेबात जगभर पोहोचला. कुतूहलाने पत्र उघडणारा माणूस हेच त्याचे वाहन होते.

परंतु सर्वच विषाणू आपण दार उघडण्याची वाट पाहत नाहीत. येथे ‘अद्ययावत’ या शब्दाचा खरा अर्थ समजून घेणे अगत्याचे आहे. संगणक चालविणारी मूळ प्रणाली, उदाहरणार्थ विंडोज, ही कोट्यवधी ओळींची रचना असते. इतक्या मोठ्या वाड्यात एखादी वीट सैल राहणे अपरिहार्य असते. ती सैल वीट ध्यानात आली की बांधणारी कंपनी ती पक्की करण्याची सामग्री पाठविते. तिलाच आपण ‘अपडेट’ म्हणतो. मायक्रोसॉफ्ट कंपनी २००३ पासून दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी अशी दुरुस्ती नेमाने प्रसृत करते. कालमानातील फरकामुळे ती आपल्याकडे मंगळवारी रात्री उशिरा येते. येथे एक बारकावा लक्षात घेण्याजोगा आहे. दुरुस्ती जाहीर झाली की कोणती वीट सैल होती हे चोरालाही कळते. म्हणून ज्याने दुरुस्ती बसविली तो सुरक्षित होतो आणि ज्याने ती लांबणीवर टाकली त्याचा धोका त्या दिवसापासून उलट वाढतो.

याचे सर्वांत बोलके उदाहरण २०१७ मधले आहे. विंडोजमधील एका दोषावरील दुरुस्ती १४ मार्च २०१७ रोजी प्रसृत झाली. त्यानंतर एकुणसाठ दिवसांनी, १२ मे रोजी, त्याच दोषाचा फायदा घेणारा ‘वॉनाक्राय’ नावाचा विषाणू सुटला. कोणी पत्र उघडण्याची त्याला गरज नव्हती. जाळ्यातील एका संगणकावरून दुसऱ्यावर तो आपण होऊन उडी मारी, तेथील सर्व कागदपत्रे सांकेतिक लिपीत कुलूपबंद करी आणि किल्लीसाठी तीनशे डॉलरांची खंडणी मागे. काही दिवसांतच दीडशेहून अधिक देशांतील दोन लाखांवर संगणक त्याने ग्रासले. इंग्लंडमधील सरकारी आरोग्यसेवेच्या २३६ विश्वस्त संस्थांपैकी किमान ८१ संस्थांच्या कामकाजाला त्याची झळ लागली. एकोणीस हजारांहून अधिक रुग्णांच्या ठरलेल्या भेटी रद्द झाल्या असाव्यात, असा अंदाज तेथील राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने आपल्या अहवालात दिला. साध्या उपायाने हे टळण्यासारखे होते, असाही त्या अहवालाचा निष्कर्ष आहे. औषध दोन महिने आधी दारात येऊन पडले होते. घेणाऱ्याने ते घेतले नव्हते, एवढीच ती कथा.

आता विषाणुप्रतिबंधक आज्ञावलीचे, म्हणजे ‘अँटिव्हायरस’चे कार्य पाहू. तिचे दोन भाग कल्पावे. एक पहारेकरी आणि दुसरी त्याच्या हातातील वही. पोलीस ठाण्यात नामचीन चोरांची छायाचित्रे टांगलेली असतात, तशा ज्ञात विषाणूंच्या खुणा या वहीत नोंदलेल्या असतात. येणारी प्रत्येक फाइल पहारेकरी त्या खुणांशी ताडून पाहतो. याखेरीज एखादी आज्ञावली संशयास्पद वर्तन करू लागली तरी तिला अडवितो. नवे विषाणू रोज निघतात, म्हणून वहीत रोज नव्या नोंदी व्हाव्या लागतात. गेल्या वर्षीची वही घेऊन उभा असलेला पहारेकरी दिसावयास दाराशी असतो. परंतु नवा चोर त्याच्यासमोरून नमस्कार करून आत जातो. पुष्कळ घरांत हीच स्थिती आढळते. वार्षिक वर्गणी संपलेली असते, पडद्याच्या कोपऱ्यात चिन्ह मात्र झळकत असते आणि घरधनी निश्चिंत असतात.

या क्षेत्रात आपल्या माणसांनीही नाव मिळविले आहे, हे सांगावयास आनंद वाटतो. ‘क्विक हील’ ही पुण्याची कंपनी. कैलास काटकर यांचे यंत्रदुरुस्तीचे लहानसे दुकान होते. त्यांचे धाकटे बंधू संजय यांनी संगणकशास्त्र शिकून विषाणू काढून टाकणारी आज्ञावली लिहिली आणि १९९० नंतरच्या दशकात तिचा पसारा वाढत गेला. अर्थात पैसे देऊनच संरक्षण मिळते असे नाही. विंडोजच्या अलीकडील आवृत्त्यांत ‘डिफेंडर’ हा पहारेकरी अंगभूत असतो आणि सामान्य गृहस्थाच्या गरजेला तो पुरेसा आहे. मात्र दोन निरनिराळे पहारेकरी एकाच दारावर नेमू नयेत. ते एकमेकांनाच चोर समजतात आणि यंत्र मंदावते ते निराळेच.

हे सारे दूरदेशीचे वाटू नये म्हणून आमच्या इंदूर शहरातीलच एक हकीगत सांगतो. एक सेवानिवृत्त गृहस्थ अकरा वर्षे आपल्या घराण्याचा कुलवृत्तान्त सिद्ध करीत होते. देवास, धार, सातारा, वाई अशा ठिकाणी पांगलेल्या शाखा, मोडी दस्तांची वाचने, वृद्ध आत्या-मावश्यांनी सांगितलेल्या आठवणी, सारे काही त्यांनी स्वतः टंकित केले होते. मूळ कागदांना वाळवी लागली, तेव्हा छायाचित्रे काढून त्यांनी ते विसर्जित केले. संगणकावर विंडोज ७ होते. त्याच्या दुरुस्त्या १४ जानेवारी २०२० रोजीच थांबल्या होत्या. विषाणुप्रतिबंधकाची मुदतही संपलेली होती. त्याची सूचना रोज सकाळी येई आणि रोज सकाळी ते ‘नंतर आठवण करा’ या अक्षरांवर टिचकी मारीत. एके दिवशी मालवाहतुकीच्या बिलाचे सोंग घेतलेले पत्र त्यांनी उघडले. संध्याकाळपर्यंत प्रत्येक फाइलचे नाव बदललेले होते आणि पडद्यावर खंडणीची चिठ्ठी होती. त्यांनी पैसे दिले नाहीत, हे योग्यच केले. कारण पैसे घेऊनही चोर किल्ली देईलच असे नाही. बडोद्याच्या पुतणीकडे पाच वर्षांपूर्वी दिलेली एक प्रत होती, म्हणून निम्मे काम वाचले. उरलेल्या पाच वर्षांत ज्या वृद्धांनी आठवणी सांगितल्या होत्या, त्यांतील बहुतेक आज हयात नाहीत. वाळवीने जे ठेवले होते, ते एका टिचकीने नेले.

घरोघरी या बाबतीत जे आक्षेप ऐकू येतात, त्यांचाही विचार केला पाहिजे. पहिला आक्षेप असा की, दुरुस्ती बसविताना यंत्र अडून बसते. हे खरे आहे. म्हणून ती रात्री जेवणाच्या वेळी लावावी आणि संगणक पुन्हा सुरू करावा. पुष्कळ दुरुस्त्या पुन्हा सुरू केल्यावाचून लागूच होत नाहीत. क्रोम किंवा फायरफॉक्स नवी आवृत्ती आपण होऊन उतरवून घेतात, पण बंद करून पुन्हा उघडेपर्यंत जुनीच चालत राहते. दुसरा आक्षेप, ‘आमच्याकडे चोरण्यासारखे आहे काय?’ चोराला तुमच्या फोटोंचे मोल नसते. तुम्हाला ते असते आणि खंडणी त्यावरच मागितली जाते. तिसरी अडचण दुकानदाराने फुकट घालून दिलेल्या नकली विंडोजची. अशा प्रतीत आधीच काय दडविले आहे हे कोणीच सांगू शकत नाही, आणि तिच्या दुरुस्त्यांचाही भरवसा नसतो. मुलांना आपण ‘दुसऱ्याची वही उतरवू नये’ असे शिकवितो. मग घरातील यंत्र तरी उतरविलेल्या वहीवर का चालावे? चौथी अडचण जुन्या यंत्राची. विंडोज १० च्या नियमित दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्या; त्यापुढे घरगुती ग्राहकांना कंपनीने मर्यादित काळापुरती वाढीव सोय देऊ केली, पण तीसाठी नाव नोंदवावे लागते. ज्या यंत्रावर विंडोज ११ चालत नाही, त्यावर उबुंटूसारखी विनामूल्य लिनक्स प्रणाली जाणकाराकडून बसवून घेता येते. यांपैकी काहीच शक्य नसेल, तर त्या यंत्रावर बँकेचे व्यवहार करू नयेत.

आता प्रत्यक्ष कृती. आठवड्यातील एक वार ठरवावा. ‘सेटिंग्ज’मध्ये ‘विंडोज अपडेट’ उघडून नवे काही आहे का ते पाहावे. ‘विंडोज सिक्युरिटी’मध्ये पहारेकऱ्याची वही शेवटची कधी भरली, तो दिनांक पाहावा, तो एक-दोन दिवसांहून जुना असू नये. वापरात नसलेल्या आज्ञावली काढून टाकाव्या. उदाहरणार्थ, ‘फ्लॅश प्लेअर’च्या दुरुस्त्या २०२० अखेर बंद झाल्या; तो कोठे उरला असेल तर निरोप द्यावा. महिन्यातून एकदा महत्त्वाच्या फाइलींची प्रत वेगळ्या डिस्कवर घ्यावी आणि प्रत घेताच ती डिस्क सोडवून कपाटात ठेवावी. जोडलेली राहिल्यास विषाणू तिलाही कुलूप घालतो. भ्रमणध्वनीलाही हाच नियम लागू आहे, कारण तोही संगणकच आहे.

एक सावधगिरी विशेषेकरून वृद्धांसाठी. ‘तुमच्या संगणकात विषाणू शिरला आहे, या क्रमांकावर फोन करा’ असे पडद्यावर झळकले, तर फोन करू नये. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनेत दूरध्वनी क्रमांक कधीही नसतो. दुरुस्ती नेहमी यंत्राच्या स्वतःच्या सेटिंग्जमधून घ्यावी. पत्रातील दुव्यावरून किंवा अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून घेऊ नये. आणि पैसे गेलेच, तर संकोचाने वेळ न दवडता १९३० या राष्ट्रीय साहाय्य क्रमांकावर तत्काळ कळवावे. भारत सरकारने फेब्रुवारी २०१७ मध्ये सुरू केलेल्या सायबर स्वच्छता केंद्राच्या संकेतस्थळावर संगणक साफ करण्याची साधनेही विनामूल्य उपलब्ध करून दिली गेली.

स्वच्छता म्हटली की आम्हा इंदूरकरांना आमच्या शहराचा अभिमान वाटतो. २०१७ पासून वर्षामागून वर्षे देशात पहिला क्रमांक मिळाला, तो एखाद्या दिवशी झाडू मारून नव्हे. रोज सकाळी गाडी दारात येते आणि ओला-सुका कचरा वेगळा करून देण्याची सवय घरोघरी लागली, म्हणून तो मिळाला. संगणकाचेही तसेच आहे. कंपनी दुरुस्तीची गाडी दारापर्यंत आणते. दार उघडणे हे घरच्यांचे काम. ते ‘मुलगा दिवाळीला आला की करील’ म्हणून ठेवण्याचे नव्हे. मुलगा वर्षातून एकदा येतो; दुरुस्ती दर महिन्याला येते. आईला किंवा आजोबांना या दोन-तीन टिचक्या एकदा शांतपणे शिकविणे, त्या मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून यंत्राशेजारी चिकटविणे, हे मुलांचे कर्तव्य आहे. आणि त्या शिकण्यात कमीपणा न मानणे हे वडिलांचे. लग्नाच्या मंगलाष्टकांत भटजी ‘सावधान’ म्हणतात, ते काही वऱ्हाडी मंडळींना भिवविण्यासाठी नव्हे. येत्या रविवारी चहा झाल्यावर प्रत्येक वाचकाने आपल्या यंत्रातील तो शेवटचा दिनांक तेवढा पाहावा, एवढीच या महिन्याची विनंती.